चार बोल्टांची जाळी

सोयाबीनची पानं गळून गेली, झाडाला नुसत्या शेंगा उरल्या, की आमच्या अनसिंगच्या शिवारात एक आवाज सुरू होतो. मळणीयंत्राचा. लांबून ऐकलं तर वाटतं, एखादा म्हातारा घसा खाकरत बसला आहे आणि कफ काही सुटत नाही. जवळ उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी त्या आवाजात, माझ्या स्वतःच्या भाड्याने फिरणाऱ्या मशीनशेजारी, चौदा हंगाम उभा राहिलो. आजही घरात चहा पिताना नाल्यापलीकडून तो आला, की मी न बघता सांगतो, माल सुका आहे की ओला. सुका माल खडखडतो. ओला माल गुरगुरतो.

यंदा खडखडतो आहे. तरी पहिल्या दिवशी मी कप खाली ठेवला आणि कानावर हात ठेवून बसलो.

"सात वर्सं झाले आता," एस्तेर म्हणाली. एस्तेर म्हणजे माझी बायको.

"वर्सानं आवाज थोडीच कमी होते," मी म्हणालो.

आता माझी ओळख करून देतो, आणि ती जरा थाटातच करून देतो, कारण पुढे थाट फार उरणार नाही. मी शामुवेल. चर्चच्या वहीत शामुवेल, गावात शामू. लग्नमांडवात, एसटीच्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही चार माणसं भेटली की पाचवा मी. आणि मग पुढचा तासभर ते चार गप्प. नाताळच्या नाटकात दुष्ट राजा वीस वर्षं मीच. बाळांना मारायचा हुकूम मी इतक्या गोड आवाजात सोडायचो की पुढच्या रांगेतल्या आया पोरांना पदराखाली घ्यायच्या, आणि मला मुकुटाखाली गुदगुल्या व्हायच्या. हंगाम संपता संपता आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा सण असतो. ज्याने त्याने आपल्या शेतातलं आणून वेदीपुढे ठेवायचं: सोयाबीन, तूर, भोपळे, एखादी कोंबडी. उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव. तो पुकारायचो तोही मीच. "हा भोपळा नाही बापा, माह्या साळ्याचं डोकं आहे! बाहेरून पाहा कसं चमकते, आन आतून वाजवून पाहा!" साळा समोरच बसलेला. लोक पोट धरून हसायचे. पाळकसाहेबही हसायचे, आणि मग हसल्याबद्दल उगीच खोकायचे.

सणाला ठेवायचा माल निवडलेला असतो. एस्तेर उंबऱ्यात सूप घेऊन बसते. काळा दाणा बाजूला, चपटा बाजूला, खडा बाजूला, शेंगेचं टरफल फुंकून बाहेर. एकदा झालं की पुन्हा. "देवापुढं काय डागी दाना ठेवाचा काय?" घरात पोत्यांच्या थप्पीला बुरशीचा वास येत असला तरी वेदीपुढच्या पांढऱ्या फडक्यात दोन किलो सोनं. शेतात खरं काय पिकलं हे देवाला कळू द्यायचं नाही, असा जणू अख्ख्या मंडळीचा ठराव आहे. आणि आम्ही स्वतःही तसेच जातो. केसांना तेल, इस्त्रीचा शर्ट, चेहरा चाळलेला.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. प्रभुभोजनाआधी, म्हणजे सगळ्यांनी एका तबकातून भाकर घेण्याआधी, पाळकसाहेब म्हणतात, ज्याच्या मनात ज्याच्याविषयी काही असेल त्याने आधी ते मिटवावं. मग सगळे उठतात. पुरुष पुरुषांकडे, बाया बायांकडे, दीर भावजयीकडे. हात जोडायचे, म्हणायचं, "काही चुकलं असेल तर क्षमा करा." समोरचा म्हणतो, "क्षमा केली." पाचेक मिनिटांत अकरा घरांची मंडळी धुऊन निघते. मला ही रीत फार आवडायची. कुणाला काय चुकलं ते विचारायचं नसतं. मी तर सगळ्यात जास्त लोकांकडे जायचो. माझी क्षमा मागण्याची पद्धतही बघण्यासारखी होती; मी किंचित वाकायचो.

सात वर्षांमागच्या त्या हंगामात पाऊस जायलाच तयार नव्हता. सोंगून सुडी रचून ठेवलेलं सोयाबीन त्या ढिगातच काळं पडलं. शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब आले. सुडीत हात घातला की आतून गरम वाफ यायची, आणि वास असा की नाकाला फडकं बांधावं. मग चार दिवस ऊन पडलं आणि सगळ्यांना एकाच वेळी माझी मशीन हवी झाली. फोन, दारात माणसं, रस्त्यात माणसं. "शामू, आमचं पयले." मी राजा होतो, मुकुट नसलेला.

ओल्या मालाने पट्टा सारखा घसरायचा. पट्टा सरळ करायचा तर त्यावरची जाळी काढावी लागायची. लोखंडी जाळी, चार बोल्ट. पाना घ्या, चार खोला, पट्टा ओढा, चार लावा. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी जाळी काढली आणि बाभळीला टेकवून ठेवली. कुणी काही म्हणालं नाही. सगळ्यांना घाई होती, आणि मला सगळ्यांपेक्षा जास्त.

त्या दिवशी मजुरीला कमलबाई होती. आमच्याच गल्लीतली, आमच्याच चर्चमधली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणतो, ती मला शामू. मशीनखाली सांडलेला माल ओढून घेणं हे तिचं काम. शेंगा टोचू नयेत म्हणून आमच्याकडच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. कमलबाईच्या अंगावर दिवाकरचा, तिच्या नवऱ्याचा, निळ्या रेघांचा शर्ट होता. उजव्या बाहीचं बटण तुटलेलं. बाही मोकळी.

आवाज बदलला. खडखड नाही, गुरगुर नाही. तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता, आणि माणसाच्या तोंडून काढून दाखवता येत नाही तो. मी, जो सगळे आवाज काढतो, त्यानेही कधी प्रयत्न केला नाही.

मी उडी मारून ट्रॅक्टर बंद केला. हे खरं आहे. माझं उपरणं तिच्या दंडाला आवळून बांधलं. हेही खरं. माणसं रस्त्याकडे धावली, वाशीमकडे जाणारी जीप थांबवली, आतले प्रवासी उतरवले, कमलबाईला मागच्या सीटवर निजवलं. मी पुढे बसलो आणि दवाखान्यापर्यंत ओरडत गेलो, "बाई, डोळे मिटू नोको!" सगळं खरं. फक्त ही गोष्ट मी शंभर ठिकाणी सांगितली आणि शंभरही वेळा मधे एका जागी उडी मारली. आत्ताही मारली. मागे येईन.

हात कोपराच्या वरून गेला.

लोक विचारत, कसं झालं हो? मी म्हणायचो, "बाहीचं बटन नव्हतं." त्यात खोटं काय होतं? बटण नव्हतंच. दिवाकरनेही तेच धरलं, गावानेही तेच धरलं. ज्यांना चौकशी करायची होती ते दुसऱ्या दिवशी शेतात आले, तेव्हा मशीनवर जाळी होती.

कमलबाई दोन महिन्यांनी चर्चला आली. नाताळआधीचा रविवार, प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, सगळे उठले. मी माझं वाकणं सुरू करणार, तेवढ्यात ती बायांच्या बाजूने सरळ माझ्याकडे आली. दोन हात जोडता येईनात म्हणून डावा तळवा छातीवर ठेवला.

"शामू, माह्या एका बटनापायी तुहा हंगाम मोडला. मशीन बंद राह्यली. लोकायची बोलणी खाल्ली तू. मनात ठेवू नोको. क्षमा कर मले."

कुणीतरी नाक ओढलं.

मी त्या वेळी काय केलं असेल? मी क्षमा केली. हात जोडून, किंचित वाकून, जड आवाजात. "क्षमा केली, बाई." मग आम्ही दोघांनी एकाच तबकातून भाकर घेतली. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात माझं उदाहरण दिलं, मोठ्या मनाचं. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

त्या हिवाळ्यात मला दुष्ट राजाचे संवाद आठवेनात. लोक म्हणाले, शामूला फार लागलं बाईचं. एस्तेरने मला एकदाच विचारलं, "तुमी जेवता काहून नाही?" मी तिला एक विनोद सांगितला. ती हसली नाही.

आणि प्रार्थना? ती चालूच होती. रोज, मोठ्याने, सुंदर. मी देवासमोर कमलबाईसाठी असा काही विनवायचो की ऐकणाऱ्याचे डोळे भरावेत. ऐकणारा होता की नाही, शंका यायची. एखाद्या घरी तुम्ही दार वाजवता, आतला माणूस दाराशी येऊन उभा आहे हे फटीतून दिसतं, पण तो दार उघडत नाही, कारण तुम्ही नाव खोटं सांगितलंय, तसं काहीतरी. मी दार अजून जोरात वाजवायचो.

अशी तीन वर्षं गेली. पुन्हा हंगाम, पुन्हा सण. माझी मशीन चालू होती. जाळी आता कधी निघत नसे. वेदीपुढे मालाची रास, आणि मी लिलावाला उभा. भोपळा झाला, कोंबडी झाली, साळ्याचं डोकं झालं. मग मी एक स्टीलचा डबा उचलला. त्यात सोयाबीन. झाकण काढलं आणि चर्चमधल्या सगळ्या बाया पुढे झुकल्या. एक दाणा काळा नाही, एक चपटा नाही.

"कोनाचं?" मी विचारलं.

"माहं," कमलबाई मागून म्हणाली. "सरव्याचं हाये."

सरवा म्हणजे माल काढून नेल्यावर शेतात गळून पडलेल्या शेंगा. ज्याला वेचायच्या त्याने वेचाव्यात. वाकून एकेक वेचायची, ओट्यात टाकायची, घरी आणून कुटायची, पाखडायची. सूप दोन हातांनी धरतात.

मी डबा हातात घेऊन उभा राहिलो. तोंड उघडलं. काही निघालं नाही. लोकांना वाटलं, शामूचा नवा खेळ. दोघे-तिघे हसलेही. मग मी म्हणालो, "त्या दिवशी मशीनवर जाळी नव्हती."

हे एक वाक्य मी बरं म्हणालो. तिथेच थांबायला हवं होतं. पण कुणीतरी हळूच "आमेन" म्हणालं आणि माझ्यातला राजा जागा झाला. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठ्याने निघालं, तिसरं त्याहून. "सैतानानं माझ्या डोळ्यावर पट्टी बांधली, बंधूंनो! लोभानं मला आंधळं केलं! मी अंधारात होतो!" मी गुडघ्यावर बसलो. डबा छातीशी धरला. खरंच रडलो, आणि रडताना मला कळत होतं की छान जमून राहिलं आहे. लोक रडले. पाळकसाहेबांनी मला उठवून मिठी मारली. पेटीवाल्याने आपण होऊन सूर धरला.

गाणं संपलं तेव्हा कमलबाई जागेवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. दिवाकर माल घेऊन रिसोडच्या बाजारात गेला होता. ती ओट्यावर बसून शेतात जायच्या तयारीत होती. निळ्या रेघांचा नाही, दुसरा शर्ट. उजवी बाही गाठ मारून वर बांधलेली.

"ये," ती म्हणाली. "काल लय मस्त बोलला तू. शेजारची म्हातारी घरी जाऊन जेवली नाही म्हणते."

मी खाली बसलो.

"मले एक समजलं नाही, शामू. त्या सैतानाले बोल्ट खोलता येते काय रे?"

मी खालचा एक खडा उचलून बाजूला टाकला.

"नाही, इचारून राह्यली. चार बोल्ट असते ना त्याले? पाना कोनाच्या हातात होता?"

"माह्या."

"मंग तसं सांग ना. त्या बिचाऱ्याचं नाव कायले घेतं?"

"जाळी म्या काढली," मी म्हणालो. "पाना माह्या हातात होता. पट्टा घसरत होता, मले घाई होती. तिसऱ्या खेपेले लावलीच नाही. बाभळीले टेकवून ठेवली."

"आन माहं बटन?"

"बटन असतं तरी ओढलंच असतं. जाळी असती त बाही मोकळी असूनबी काही झालं नसतं."

हे तिला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तिने कधीच ओळखलं असेल. मनातल्या मनात मी तिला मोठी करून ठेवली होती, म्हणजे माझं सांगणं सोपं व्हावं. तिला खरंच माहीत नव्हतं. जाळीबद्दल ती काल पहिल्यांदा ऐकत होती, आणि बटणाबद्दल आत्ता.

"तीन वर्सं," ती म्हणाली. "रोज सकाळी दिवाकर मले या हाताचं बटन लावून देते. एका हातानं त्याच हाताचं बटन लागत नाही ना. आन लावतानी रोज म्हणते, 'हे तवा लावलं असतं त.' रोज, शामू. आन मी रोज देवाले म्हणतो, देवा, मी आळशी बाई, सुई-दोरा घरात होता, मले माफ कर." ती थांबली. "त्यानं काय केलं असंल रे त्या माफीचं? माही नव्हतीच ते."

रस्त्यावरून मजुरांनी भरलेला ऑटो गेला. कुणीतरी हाक मारली, "येतं काय वो कमलबाई?" तिने नुसता हात हलवला.

मला वाटलं, झालं. सगळ्यात कठीण ते झालं. मी उठायच्या बेताने गुडघ्यावर हात टेकला.

"एक सांग," ती म्हणाली. "जीप काहून थांबली होती?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"मले वर टाकलं होतं. डोळे मिटले होते, पण मी आयकत होती. जीप जागची हालेना. डायवर हॉर्न वाजवून राह्यला, वाजवून राह्यला. मी म्हणो, येशू, जीप काहून निघत नाही? चारदा वाजला हॉर्न. कोनाची वाट पाहत होते?"

तर ही ती जागा. इथे मी उडी मारत आलो होतो: शंभरदा गावात, काल चर्चमध्ये, आणि रोज प्रार्थनेत. तिथेही. जणू देव त्या जीपमध्ये नव्हताच.

मी सांगितलं. आवाज न बदलता, हात न हलवता. "माही वाट पाहत होते. म्या म्हणलं, मशीन बंद करून आलोच. मशीन बंदच होती. मी जाळी लावाले गेलो होतो. लोकं येतीन, पाहतीन, म्हणून. पयला बोल्ट लावला, दुसरा लावला, तिसरा लावला. चौथा चिखलात पडला होता. मी चिखल चाचपत बसलो. हॉर्न मले आयकू येत होता."

अंगणात कोंबड्या मालाची कणी टिपत होत्या.

"सापडला?" तिने विचारलं.

"काय?"

"चवथा."

"नाही."

तिने मान हलवली, जशी एखाद्या किरकोळ गोष्टीवर हलवतात. तेवढ्या वेळात हात वाचला असता का, हे तिने विचारलं नाही. दवाखान्यातही कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नाही. आणि माहीत नाही हेच माझ्याकडे कायमचं राहणार आहे.

ती उठली, विळा कमरेला खोचला आणि डावा हात माझ्यापुढे केला. बाही मोकळी लोंबत होती.

"क्षमा-गिमा मी आज काही देत नाही. मागूबी नोको. दिवाकर घरी नाही. बटन लाव, मले उशीर होऊन राह्यला."

मी बटण धरलं. साधं पांढरं चार भोकांचं. काज लहान होतं. ते आत जाईना. ती वरून बघत होती. मनगटाची नाडी माझ्या अंगठ्याखाली उडत होती. तीन वेळा निसटलं. चौथ्या वेळी लागलं.

ती गेली.

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहून ते सगळं तसंच सांगितलं, जीपसकट. या वेळी कुणी आमेन म्हणालं नाही. पेटी वाजली नाही. पाळकसाहेब जमिनीकडे बघत नुसतं म्हणाले, "बसा." दिवाकर त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही; मी रस्त्यात दिसलो की तो गल्ली बदलतो. पण सकाळी बटण लावताना आता तो गप्प असतो, असं एस्तेरला बायांकडून कळलं. मशीन मी विकली. लिलाव आता माझा साळा पुकारतो. इतका वाईट पुकारतो की भोपळ्यांची दया येते, आणि जीभ चावून बसावं लागतं. नाटकातलं राजाचं काम एका मास्तरांनी घेतलं. पोरं त्यांना भीत नाहीत.

येत्या रविवारी यंदाचा सण आहे, प्रभुभोजनही आहे. आमचं तीन एकराचं सोयाबीन भाड्याच्या मशीनने निघालं. एस्तेर सूप घेऊन बसली तेव्हा मी म्हणालो, यंदा निवडू नकोस, निघाला तसाच नेऊ. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे बी नाटकच काय?" म्हणाली आणि निवडत बसली. तिचं बरोबर होतं. मी तिच्याशेजारी बसून खडे काढू लागलो.

क्षमेची ती रीत अजून तशीच आहे. सगळे उठतात, हात जोडतात, 'काही चुकलं असेल तर' म्हणतात. मी फक्त एकाच ठिकाणी जातो. कमलबाईपुढे उभा राहतो आणि दोन वाक्यं म्हणतो. "जाळी म्या काढली. जीप म्या थांबवली." चार वर्षं झाली, दर वेळी तीच दोन. देवालाही मी आता तेवढंच सांगतो. बाकीचं सुचत नाही.

ती 'क्षमा केली' म्हणत नाही. अजून एकदाही म्हणाली नाही. पण ती तोंडही फिरवत नाही. डावा हात छातीवर ठेवते, त्या बाहीचं बटण लावलेलं असतं, आणि मी दुसरं वाक्य पूर्ण करेपर्यंत थांबते.

"आयकलं," ती म्हणते.

मी जागेवर जाऊन बसतो. तबक तिच्याकडून माझ्या बाजूला येतं.